रात्रीच्या प्रवासात वन्यप्राणी समोर आला तर : पुण्याभोवतीच्या रस्त्यांवर दोघांनी घ्यायची काळजी

गावाकडचे लग्न आटोपून रात्री उशिरा पुण्याकडे निघालेले नवरा-बायको, शुक्रवारी कामावरून सुटल्यावर कोकणची वाट धरलेले जोडपे, किंवा माहेरी-सासरी कोणी अचानक आजारी पडल्यामुळे अपरात्री गाडी काढावी लागलेले दोघे, अशा प्रवाशांसाठी हे लेखन आहे. पुण्याची वस्ती मागे पडली की रस्त्याच्या कडेला ऊस, माळरान किंवा डोंगरउतार सुरू होतो आणि रात्री अकरानंतर तेथील प्राण्यांचा दिवस सुरू झालेला असतो. बिबट्या, तरस, रानडुक्कर किंवा साळिंदर एकाएकी समोर आल्यावर विचार करायला सवड मिळत नाही. त्या वेळी उपयोगी पडतात त्या दोनच गोष्टी : आधीपासून आवरलेला वेग, आणि गाडीतल्या दोघांनी निघण्यापूर्वीच ठरवून घेतलेली कामाची वाटणी.

कोणत्या रस्त्याला कोण भेटते

नाशिक महामार्गाने राजगुरुनगर ओलांडले की मंचर, नारायणगाव, आळेफाटा हा पट्टा लागतो. हा पट्टा आणि आजूबाजूचे जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके बिबट्याच्या वावराचे आहेत. तो जंगलातून वाट चुकून तेथे आला आहे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तेथील कित्येक बिबटे उसातच जन्मतात, उसातच वाढतात आणि कुत्री, डुकरे, शेळ्या यांच्यावर जगतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होऊन ऊसतोड लागली की एकेक फड मोकळा होत जातो, त्यांचा आडोसा कमी होतो आणि ते एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना रस्त्यावर अधिक दिसू लागतात. नेमक्या त्याच महिन्यांत उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या, पुष्कळदा मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना, रात्रभर त्याच रस्त्यांवर असतात. म्हणून हिवाळ्यात या पट्ट्यातून रात्री जाणाऱ्याने दोन्ही धोके एकत्रच धरून चालावे.

सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे या बाजूचा मुलूख वेगळा आहे. तेथे गवताळ माळ आहेत, सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य आहे, आणि लांडगा, तरस, कोल्हा, खोकड हे या माळांचे मूळचे रहिवासी आहेत. या भागातले रस्ते सरळ आणि रात्री मोकळे असल्याने वेग नकळत वाढतो, आणि माझ्या मते तोच तेथील खरा धोका आहे.

पश्चिमेला पौड, मुळशी, ताम्हिणी, भोरकडून वरंध घाट, किंवा मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकर, येथे भेकर, सांबर, रानडुक्कर, साळिंदर, उदमांजर भेटतात. पावसाळ्यात याच रस्त्यांवर बेडूक, खेकडे आणि साप इतक्या संख्येने उतरतात की दिव्यांच्या उजेडात डांबर हलते आहे असा भास होतो. भीमाशंकरला निघालेले अनेकजण शेकरू दिसेल या आशेने रात्री झाडांकडे टॉर्च मारतात. शेकरू दिवसा वावरणारा प्राणी आहे, रात्री तो घरट्यात असतो, तेव्हा तो खटाटोप करू नये.

शहराच्या आत असे काही घडणार नाही, असेही गृहीत धरू नये. 9 डिसेंबर 2020 रोजी कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला होता. बघ्यांची गर्दी, धावपळ आणि पकडण्याची धांदल यांत त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बावधनजवळ दुसरा गवा आला, तेव्हा लोकांना लांब ठेवण्यात आले आणि तो सुखरूप जंगलाकडे परतला. चांदणी चौक, बावधन, एनडीए रस्ता हा भाग टेकड्यांना व राखीव वनाला लागून आहे, हे तेथून रोज ये-जा करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

उजेडाच्या आत थांबता येईल एवढाच वेग

डिपरवर, म्हणजे दिव्यांचा झोत खाली असताना, गाडीचा उजेड साधारणपणे 40 ते 60 मीटरपर्यंत पुरतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. डोळ्यांनी पाहिलेले मेंदूला कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, असे धरले तर तेवढ्यात 33 मीटर संपलेले असतात, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांनिशी थांबायला आणखी सुमारे 35 मीटर लागतात. म्हणजे प्राणी उजेडात आला तेव्हाच तो आपल्या थांबण्याच्या अंतराच्या आत आलेला असतो. हाच हिशेब ताशी 60 ला सुमारे 45 मीटरवर येतो आणि ताशी 40 ला 26 मीटरच्या आसपास. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दीडपट किंवा त्याहूनही जास्त वाढते.

यावरून उसाच्या आणि माळाच्या पट्ट्यात ताशी 50 ते 60 च्या वर जाऊ नये आणि घाटात, विशेषतः पावसात, 30 ते 40 च्या दरम्यान राहावे. समोरून वाहन येत नसेल तेव्हा अप्पर जरूर वापरावा, पण प्राणी दिसल्याबरोबर डिपरवर यावे, कारण प्रखर उजेडात प्राण्याचे डोळे दिपतात, त्याला पळायची दिशा कळत नाही आणि तो जागच्या जागी खिळतो. निघण्यापूर्वी पुढची काच आतूनही पुसून घ्यावी. आतल्या बाजूला साचलेल्या धुरकट थरामुळे समोरच्या वाहनाचा उजेड पसरतो आणि कडेची हालचाल दिसत नाही. काच बाहेरून कितीही धुतली तरी हा दोष जात नाही.

चालवणाऱ्याचे काम, शेजारच्याचे काम

शेजारी बसलेल्या व्यक्तीला आपल्याकडे फारशी जबाबदारी दिली जात नाही. गाणी लावणे, पाण्याची बाटली देणे आणि चालवणाऱ्याला झोप येऊ नये म्हणून बोलत राहणे एवढ्यावर तिचे काम संपते. रात्रीच्या रस्त्यावर मात्र तिचे डोळे चालवणाऱ्याच्या डोळ्यांइतकेच मोलाचे असतात. चालवणाऱ्याची नजर रस्त्याच्या मधोमध बांधलेली असते. समोरून येणाऱ्या दिव्यांनी ती वारंवार दिपते. कडेचे गवत, बांध, मोऱ्या आणि वळणाच्या आतल्या बाजूची झाडी पाहायला तिला फुरसत नसते. ते काम शेजारच्याने करावे आणि ते त्याचेच काम आहे, हे दोघांनी मान्य करावे. नवरा चालवत असो की बायको, यात फरक पडत नाही.

पाहिलेले सांगण्याचे शब्द आधी ठरवावेत. आमच्या घरात ‘हळू’ म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढणे आणि ‘थांब’ म्हणजे आरसा पाहून सरळ रेषेत ब्रेक लावणे, असे ठरलेले आहे. त्यापुढे बाजू सांगायची, मग अंतर, आणि कोणता प्राणी आहे ते सर्वांत शेवटी. ‘अगं बाई, ते बघ काय!’ असे कोणी ओरडले की चालवणारा रस्ता सोडून आधी बोलणाऱ्याकडे पाहतो, आणि तेवढ्यात गाडी पाच-दहा मीटर पुढे गेलेली असते. बोट दाखवण्यासाठी हात त्याच्या तोंडासमोर आडवा नेणे हेही तितकेच वाईट.

एकदा हिवाळ्यात मंचरकडून परतताना बायको शेजारून अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “हळू. डावीकडे, बांधावर.” गाडी रांगती झाल्यावर मलाही तो दिसला. पाटाच्या कडेला बिबट्या बसला होता, पोटाखालचे केस ओले होऊन एकमेकांना चिकटलेले होते आणि शेपटी वर वळवल्यामुळे तिचे पांढरे टोक उजेडात स्पष्ट दिसत होते. त्याने आमच्याकडे पाहिले, कान मागे न घेता सावकाश उठला, रस्ता ओलांडून पलीकडच्या उसात शिरला. मी गाडी पुढे घेणार तोच तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. त्याच जागेवरून, त्याच वाटेने, दुसरा एक त्याच्याहून लहान बिबट्या बाहेर आला आणि पहिल्याच्या मागे धावत गेला. पहिला प्राणी गेल्यावर निदान अर्धा मिनिट थांबावे, हा नियम पिल्लांसह फिरणाऱ्या मादीला, डुकरांच्या कळपाला, सांबरांना, आणि जोडीने हिंडणाऱ्या साळिंदरांनाही लागू आहे.

मोबाइल शेजारच्याकडेच असावा आणि त्याचा उजेड अगदी मंद करावा. आतला दिवा किंवा झगमगीत पडदा चालू असला की दोघांच्याही डोळ्यांना बाहेरचा अंधार अधिक गडद वाटतो. प्राणी दिसल्यावर चित्रीकरण कोणी करायचे, हा प्रश्नही आधीच मिटवावा : चालवणाऱ्याने कधीही नाही, आणि शेजारच्याने गाडी पूर्ण थांबल्यावर, काच बंद ठेवून आणि फ्लॅश न वापरता. शेजारच्याला झोप आवरत नसेल तर त्याने तसे स्पष्ट सांगावे. मग वेग आणखी कमी करावा किंवा ढाब्यावर थांबून चहा घ्यावा. पहाटे दोन ते पाच हा डोळा लागण्याचा काळ आहे, त्या वेळी एकट्याच्या दोन डोळ्यांवर घाट उतरू नये.

अंधारात चमकणारे डोळे

रात्री वावरणाऱ्या अनेक प्राण्यांच्या डोळ्यांच्या मागच्या बाजूला उजेड परतवणारा एक पडदा असतो, त्यामुळे प्राणी दिसण्याआधी डोळे दिसतात. रंगावरून प्राणी ओळखण्याच्या फंदात पडू नये, कारण उजेडाच्या कोनाप्रमाणे तो बदलतो. जमिनीपासूनची उंची आणि हालचालीची तऱ्हा यांवरून अधिक कळते. डांबरावरच टेकलेला, जवळ जाईपर्यंत न हलणारा तांबूस ठिपका बहुधा रातव्याचा असतो. हा पक्षी रस्त्यावर बसतो आणि अगदी शेवटच्या क्षणी उडतो, तेव्हा वेग कमी केला तरच तो वाचतो. गुडघाभर उंचीवर उड्या घेत जाणारे डोळे सशाचे किंवा रानमांजराचे असतात, आणि कमरेच्या उंचीवर स्थिर राहून एकदम विझणारे डोळे बिबट्याचे, तरसाचे किंवा एखाद्या मोठ्या कुत्र्याचेही असू शकतात.

गव्याच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. त्याने मान वळवलेली असेल तर काहीच चमकत नाही, आणि अंगाचा काळा रंग अंधारात विरून जातो. दिसतात ते गुडघ्यापासून खालचे पांढरे पाय, जणू चार मोजे रस्त्यावर उभे आहेत. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो आणि त्याचे धड बॉनेटच्या वर असल्याने धडक बसली तर ते सरळ काचेवर येते. असे पांढरे पाय दिसले की लगेच थांबावे.

समोर आल्यावर

ब्रेक दाबावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे. सर्व प्राण्यांसाठी हीच पहिली कृती आहे. प्राण्याला चुकवण्यासाठी गाडी एकदम वळवली तर ती झाडावर, खड्ड्यात, समोरच्या ट्रकवर किंवा घाटात दरीकडे जाऊ शकते, आणि प्राणीही पुष्कळदा त्याच बाजूला पळतो. मागून वाहन येत असल्यास हॅझर्डचे दिवे लगेच लावावेत. ते काम शेजारच्याने हात लांबवून केले तरी चालते.

गाडी थांबल्यावर पुढचे वागणे प्राण्यानुसार बदलते. बिबट्या, लांडगा, तरस किंवा कोल्हा यांना वाट मोकळी दिली की ते निघून जातात. हॉर्नची गरज बहुधा पडत नाही. बिबट्या रस्त्यातच बसून राहिला तर डिपरवर राहून एक-दोनदा थोडका हॉर्न द्यावा आणि वाट पाहावी. गव्यासमोर हॉर्नही वाजवू नये आणि दिवेही उघडझाप करू नयेत. पन्नास मीटरांवर, शक्य असेल तर त्याहून मागे, इंजिन चालू ठेवून थांबावे. तो डोके खाली घालून फुरफुरू लागला, पाय आपटू लागला किंवा अंग आडवे करून आपली उंची दाखवू लागला तर हळूहळू मागे सरावे. रानडुकरांची मादी पिल्लांसह असेल तर तिच्या आणि पिल्लांच्या मध्ये गाडी घालू नये. ससा उजेडाच्या झोतातच पुढे पळत राहतो, त्या वेळी क्षणभर थांबून दिवे डिपरवर घेतले की तो कडेला उतरतो.

साप दिसल्यावर खाली उतरून त्याला काठीने बाजूला सारण्याचा मोह होतो. तो आवरावा. घोणस ही अजगरासारखी जाड दिसते आणि मण्यार रात्रीच फिरते. या दोन्ही सापांचे विष प्राणघातक आहे, आणि अंधारात, टॉर्चच्या उजेडात त्यांची ओळख पटवणे अनुभवी माणसालाही सोपे नसते. गाडी थांबवून त्याला जाऊ द्यावे. चुकून दंश झालाच तर जखम कापू नये, आवळून दोरी बांधू नये, दंश झालेला अवयव हलवू न देता 108 ला फोन करून सर्पदंशावरचे प्रतिविष असलेले जवळचे रुग्णालय गाठावे.

रस्त्यावर दगडासारखा गोल, खवल्यांचा गोळा दिसला तर ते खवल्या मांजर असू शकते. घाबरल्यावर ते अंग गुंडाळून घेते आणि तसेच पडून राहते. त्याला उचलून गाडीत घेऊ नये, वनविभागाला कळवावे, आणि त्याचा फोटो ठिकाणासह कोणालाही पाठवू नये. या प्राण्याची खवल्यांसाठी चोरटी शिकार होते आणि असा फोटो शिकाऱ्याच्या हाती पडायला वेळ लागत नाही. बिबट्याच्या बाबतीतही ठिकाण उघड केले की दुसऱ्या रात्री तेथे गाड्यांची रांग लागते, हे अनेक गावांनी सोसले आहे.

थांबावे लागले तर

लघवीसाठी किंवा पाय मोकळे करण्यासाठी उसाच्या, झुडपांच्या किंवा मोरीच्या कडेला गाडी थांबवू नये. पेट्रोल पंप, टोलनाका किंवा उजेड असलेला ढाबा येईपर्यंत धीर धरावा. माणूस खाली बसलेला असला की त्याची आकृती बिबट्याला लहान जनावराची वाटू शकते, म्हणून बिबट्याच्या मुलखात वाकून काम करणारे शेतकरीही सोबत आणि आवाज ठेवून काम करतात. टायर पंक्चर झाला तर शक्य असेल तेवढे रांगत मोकळ्या जागेपर्यंत जावे, रिम खराब झाला तरी चालेल. चाक बदलताना एकाने काम करावे आणि दुसऱ्याने उभे राहून टॉर्च चहूकडे फिरवत मोठ्याने बोलत राहावे. फोनवर मोठ्या आवाजात बातम्या किंवा गाणी लावून ठेवणे हाही चांगला उपाय आहे. मुले बरोबर असतील तर ती गाडीतच बसलेली असावीत.

दुचाकीने जाणाऱ्या दोघांनी ऊसपट्ट्यातले आडरस्ते रात्री टाळावेत, महामार्गानेच जावे आणि जमल्यास दुसऱ्या वाहनाच्या मागे राहावे. समोर बिबट्या दिसला तर दुचाकी वळवून पळ काढण्यापेक्षा लांबच थांबून दिवा आणि आवाज चालू ठेवावा.

धडक बसली तर

गाडी सुरक्षित जागी घ्यावी, हॅझर्ड लावावेत, आधी एकमेकांची विचारपूस करावी. प्राणी जिवंत असेल तर त्याच्याजवळ जाऊ नये. जखमी सांबर लाथ मारते, जखमी बिबट्या झडप घालतो, आणि निपचित पडलेला कोल्हाही हात लावताच चावतो. सस्तन प्राण्याचा चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच रात्री रेबीजच्या लसीसाठी रुग्णालयात जावे. प्राण्याला पाणी पाजू नये, अंगावर कापड टाकून गाडीत घालू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार वन्यप्राणी पकडणे आणि जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे. राष्ट्रीय महामार्गावर अपघात झाला असेल तर 1033, आणि इतर कोणत्याही तातडीसाठी 112. हे क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये निघण्यापूर्वी साठवावेत. ताम्हिणी किंवा वरंध घाटात रेंज जाते, तेव्हा ठिकाण सांगता यावे म्हणून शेजारच्याने किलोमीटरचे दगड वाचत जावे. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा. फोनवर रस्त्याचे नाव, दगडावरचा आकडा, जवळचे गाव, प्राणी कोणता आणि जिवंत आहे की नाही, एवढेच सांगावे आणि पथक येईपर्यंत, जागा सुरक्षित असल्यास, काचा लावून गाडीत थांबावे. इतर गाड्या थांबून गर्दी करू लागल्या तर त्यांना पुढे जायला सांगणे हे त्या वेळचे सर्वांत उपयोगी काम ठरते. प्राणी मेलेला असला तरीही कळवावे, कारण रस्त्यावर पडलेले मढे खायला तरस आणि कोल्हे येतात आणि तेही चाकाखाली सापडतात.

गाडी पुन्हा सुरू करण्यापूर्वी खाली पाणी किंवा तेल गळते आहे का, वाकलेला बंपर चाकाला लागतो आहे का आणि दिवे चालू आहेत का, ते टॉर्चने पाहावे. नुकसानीचे फोटो गाडी हलवण्याआधी काढावेत. प्राण्याच्या धडकेने झालेले स्वतःच्या गाडीचे नुकसान सर्वसमावेशक विम्यातून मिळते, केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर मिळत नाही. दावा करताना वनविभागाला किंवा पोलिसांना केव्हा कळवले, ती वेळ आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवलेला असावा.